अल्बर्ट पार्कातून उतरलेले कंदील

२७ जानेवारी २०२३, शुक्रवार. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात त्या दिवशी जो पाऊस लागला तो रात्र झाली तरी हटेना. अल्बर्ट पार्कमधल्या पर्जन्यमापकावर २४ तास पुरे व्हायच्या आत २८० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यातला २११ मिलिमीटर तर सहा तासांच्या आतला. चार माणसं गेली, विमानतळात पाणी शिरलं, आणीबाणी जाहीर झाली. सहा दिवसांनी, २ फेब्रुवारीला, शहराचा चिनी कंदील महोत्सव सुरू व्हायचा होता. तो रद्द करावा लागला. लागोपाठ चौथ्या वर्षी.

ज्या बागेत तो पाऊस मोजला गेला, त्याच बागेत हा महोत्सव २००० साली जन्माला आला होता. २०२३ उजाडेपर्यंत मात्र त्याचा त्या बागेशी काही संबंध उरला नव्हता. सोळा वर्षं तो तिथे भरला, मग तिथून हलला, पुन्हा हलला, आणि आता शहराच्या दक्षिणेला एका क्रीडासंकुलाच्या मैदानावर भरतो. मी या शहरात २००६ पासून राहतो. अल्बर्ट पार्कातले महोत्सव पाहिले, पुढचेही पाहिले. एखादा सार्वजनिक उत्सव बागेत रुजतो म्हणजे काय होतं, आणि तो बागेतून उचलला की काय सुटून जातं, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

बाग

अल्बर्ट पार्क ऑकलंडच्या ऐन मध्यात आहे. क्वीन स्ट्रीटवरून चालत निघालात तर पाच मिनिटांत चढ सुरू होतो. खाली कलादालन, वर विद्यापीठ, आणि मधल्या टेकडीच्या उतारावर ही बाग. आकार सुमारे ६ हेक्टर. आधी इथे माओरी वस्ती होती, मग ब्रिटिश लष्कराची छावणी आली. छावणी उठल्यावर १८८० च्या दशकात इथे व्हिक्टोरियन पद्धतीची बाग आखली गेली: मधोमध ओतीव लोखंडाचं कारंजं, त्याच्याकडे येणाऱ्या वळणदार वाटा, फुलांचे वाफे, बँड वाजवायचा मंडप, आणि १८९९ मध्ये बसवलेला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा. झाडं प्रचंड आहेत. ऑस्ट्रेलियातले अजस्र फायकस, म्हणजे आपल्या वडाचे भाऊबंदच. त्यांची मुळं जमिनीवर गुडघाभर उंच भिंतींसारखी पसरलेली.

या बागेच्या पोटात बोगदे आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानी हल्ल्याच्या भीतीने १९४१-४२ मध्ये ते खणले गेले. सुमारे २०,००० लोकांना आसरा मिळावा असा हिशेब होता. युद्ध संपल्यावर ते मातीच्या विटांनी भरून बंद केले. हा तपशील मी उगाच सांगत नाही. टेकडीच्या आत २०,००० माणसं मावतील असा हिशेब कुणीतरी केला होता. टेकडीच्या वर किती मावतील, हा हिशेब पुढे कंदिलांमुळे करावा लागला.

चिनी पंचांगात नववर्षाच्या पहिल्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे युआनश्याव, कंदिलांचा सण. आपल्याकडे तेव्हा बहुतेक वर्षी माघी पौर्णिमा असते. घराबाहेर, देवळांत, बागांत कंदील लावायचे, कंदिलाला चिकटवलेली कोडी सोडवायची, आणि थांगयुआन खायचे. थांगयुआन म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे, बहुधा काळ्या तिळाचं सारण भरलेले, पाण्यात उकडलेले गोळे. आमच्या आईला मी पहिल्यांदा दिले तेव्हा ती म्हणाली, "मोदकाची पारी आणि पोळीतले तीळ." इतकं नेमकं वर्णन मला आजवर सुचलेलं नाही.

हा सण ऑकलंडला सार्वजनिक स्वरूपात आणला तो आशिया २००० फाउंडेशनने, शहराच्या महापालिकेला सोबत घेऊन. याच संस्थेचं नाव पुढे आशिया न्यूझीलंड फाउंडेशन झालं. २००२ साली सुरू झालेला ऑकलंडचा दिवाळी महोत्सवही याच मंडळींचा. इथल्या मराठी घरांतली मुलं ज्या रंगमंचावर लेझीम घेऊन उभी राहतात, त्याची वाट कंदील महोत्सवाने दोन वर्षं आधी पाडून ठेवली होती. हे ऋण आपल्या लोकांत फारसं कुणी बोलून दाखवत नाही.

शंभर पौंड

या उत्सवाला शहरात एवढी जागा का मिळाली, आणि का मिळायलाच हवी होती, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १८८१ च्या कायद्याने न्यूझीलंडमध्ये पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसवला. १८९६ मध्ये तो १०० पौंड झाला. इतर कुठल्याही देशाच्या माणसाला असा कर नव्हता. तो कायद्यातून गेला १९४४ साली. त्याबद्दल सरकारने औपचारिक माफी मागितली १२ फेब्रुवारी २००२ रोजी. पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी ती संसदेत चिनी नववर्षाच्याच समारंभात मागितली. म्हणजे अल्बर्ट पार्कात पहिले कंदील लागले तेव्हा ही माफी अजून दोन वर्षं लांब होती.

ज्या पिढ्यांनी देशात शिरायला पैसे मोजले, त्यांचा सण शहराच्या सर्वात मानाच्या बागेत, राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यासमोर, कुणालाही तिकीट न लावता भरत होता. माझ्या दृष्टीने या महोत्सवाचा गाभा हाच आहे. पुढे जागेचा आणि गर्दीचा जो काही विचार करायचा तो या गोष्टीला धक्का न लावता करावा लागतो. म्हणून 'तिकीट लावा, गर्दी आपोआप कमी होईल' हा सोपा उपाय मी शेवटपर्यंत बाजूला ठेवणार आहे.

एक मासा

२०१४ च्या फेब्रुवारीत आई तीन महिन्यांसाठी आली होती. तिला घेऊन आम्ही अल्बर्ट पार्कात गेलो. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. उजेड होता तेव्हाच पोचलो, कारण अंधार पडल्यावर चढावर पाय ठेवायला जागा मिळत नाही हे तोवर माहीत झालं होतं.

कारंज्यापासून जराशा अंतरावर, वाटेच्या कडेला, एक मासा होता. कार्प जातीचा, माझ्या खांद्याइतका उंच, शेपटीवर उभा राहून वर झेपावणारा. दिवसा पाहिला तर कापडाचा साधा फुगीर आकार. आई मात्र त्याच्याजवळ जाऊन थांबली. तिचं अर्धं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं. दर दिवाळीला आजोबा घरीच आकाशकंदील करायचे आणि ती शेजारी बसून खळ शिजवायची. तिने चष्मा सारखा केला आणि खवल्यांच्या कडेला बोट न लावता बोट फिरवलं. "अरे, हे बघ. आपल्या कंदिलासारखंच आहे. कामट्यांच्या जागी तार, कागदाच्या जागी रेशीम. आणि चिकटवलंय बघ किती निगुतीने, एक सुरकुती नाही."

तिने बरोबर ओळखलं होतं. हे मोठे कंदील करण्याची परंपरा चीनच्या सिच्वान प्रांतातल्या झिगोंग शहराची. मुळात ते मिठाचं गाव. खोल विहिरींतून खारं पाणी उपसून, आटवून मीठ काढायचा तिथला शेकडो वर्षांचा धंदा. त्यातली शनहाय नावाची विहीर १८३५ साली १,००० मीटरच्या खाली पोचली होती. आज जगभरच्या बागांत दिसणाऱ्या चिनी कंदील-देखाव्यांपैकी फार मोठा भाग झिगोंगचे कारागीर करतात. आधी चित्र जमिनीवर पूर्ण आकारात आखून घ्यायचं. त्या रेषांवर तार वाकवायची, जोड वेल्डिंगने पक्के करायचे, आत दिवे बसवायचे. मग रेशमी कापडाचा एकेक तुकडा तारेच्या एकेका चौकटीत ताणून चिकटवायचा आणि उरलेली कडा कात्रीने कापायची. शेवटी रंग. माशाचं पोट पांढरं, पाठ केशरी, आणि मधला उतार स्प्रेच्या बारीक फवाऱ्याने साधलेला.

नऊला थोडी मिनिटं होती तेव्हा मासा पेटला. कापड दिसेनासं झालं, उरला नुसता रंग, आणि प्रत्येक खवल्याभोवती तारेची बारीक काळी रेघ. मागे फायकसचं काळं खोड. खालून येणारी माणसं चढ चढता चढता आधी त्याची शेपटी बघायची, मग पोट, आणि वर पोचल्यावर डोळा. उतारामुळे असं होत होतं. सपाट जमिनीवर ठेवलेला मासा सगळा एकदम दिसतो. इथे तो वर चढताना दिसायचा.

आमची मुलगी आजीच्या कडेवर होती. "आजी, तो खरंच उडी मारतोय," ती म्हणाली.

अंधाराचे दोन तास

आता गर्दीकडे येतो, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांचं मूळ तिथे आहे.

शांघायमध्ये या सणाच्या सुमारास कडाक्याचा हिवाळा असतो आणि पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सहापासून रात्री दहापर्यंत लोक सावकाश येतात, बघतात, जातात. ऑकलंडमध्ये फेब्रुवारी म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, त्यात घड्याळं तासभर पुढे केलेली. सूर्यास्त सव्वाआठच्या आसपास, आणि कंदील खुलावा असा काळोख पावणेनऊ-नऊला. साडेदहाच्या सुमारास महोत्सव बंद. म्हणजे हाताशी राहतात जेमतेम दोन तास. संध्याकाळी पाचपासून खाऊचे स्टॉल आणि रंगमंच चालू असले तरी प्रत्येकाला कंदील पेटलेले बघायचे असतात, त्यामुळे आधी आलेला माणूस हलत नाही आणि नवा माणूस येत राहतो. उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्यासाठी रचलेला सण दक्षिणेच्या उन्हाळ्यात आणला की गर्दी अशी आपोआप एका चिमटीत येते. महोत्सवाच्या चर्चेत हा मुद्दा मी कधी ऐकला नाही, आणि माझ्या मते तोच सर्वात मोठा आहे.

अंदाजाने आकडे मांडून बघू. महोत्सव सर्वात मोठा असताना चार रात्रींत मिळून सुमारे २,००,००० लोक येतात असं सांगितलं जायचं. म्हणजे रात्रीला ५०,०००. त्यातले निम्मे काळोखाच्या दोन तासांत एकाच वेळी आत आहेत असं धरू: २५,०००. बागेचं क्षेत्र ६०,००० चौरस मीटर. त्यातून फुलांचे वाफे, झाडांच्या मुळांचा परिसर, तीव्र उतार, कंदिलांभोवतीची कुंपणं, रंगमंच आणि तंबू वजा केले तर चालायला पाव भाग उरला तरी पुष्कळ. म्हणजे १५,००० चौरस मीटर. दर चौरस मीटरला दीड माणसाहून जास्त, आणि ही नुसती सरासरी. आमच्या माशासमोर हा आकडा सहज दुप्पट होत असणार. उभ्या गर्दीला हे चालून जातं. चढ-उतारावर, पायऱ्यांवर, बाबागाड्या आणि काठ्या टेकणारे आजी-आजोबा धरून हलणाऱ्या गर्दीत मात्र एक जण अडखळला तरी मागच्यांचं काय होईल, याची काळजी आयोजकांना वाटलीच पाहिजे.

पुण्यात गणपतीचे देखावे बघायला बाहेर पडलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. तिथे एका दिशेने चालायचा रस्ता ठरलेला असतो, दहा रात्री असतात, आणि देखावे पेठाभर विखुरलेले असतात. एका मंडळापाशी फार गर्दी दिसली की लोक स्वतःच म्हणतात, चला, हा उद्या बघू. अल्बर्ट पार्कात 'उद्या' फार थोडे होते, आणि सगळे देखावे एकाच टेकडीवर.

२०१६

त्या वर्षी महोत्सव ऑकलंड डोमेनमध्ये हलवला. तोवर आयोजन महापालिकेच्याच मालकीच्या, शहरातले मोठे उत्सव पाहणाऱ्या संस्थेकडे होतं. डोमेन हे शहरातलं सर्वात जुनं उद्यान, सुमारे ७५ हेक्टर. एका निवालेल्या ज्वालामुखीच्या वाडग्यात आणि त्याच्या कडेवर ते पसरलं आहे, आणि माथ्यावर युद्धस्मारक संग्रहालय. जागा भरपूर, रस्ते रुंद, रेल्वे स्थानक चालण्याच्या अंतरावर.

हा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो बरोबर होता, आणि जागाही काही परकी नव्हती. डोमेनच्या उत्तरेच्या पायथ्याशी, जिथे पुढे कार्लॉ पार्क हे रग्बी लीगचं मैदान झालं, तिथे एके काळी चिनी माळ्यांचे भाजीमळे होते. आ ची या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यापाऱ्याने तिथली जमीन भाड्याने घेऊन मळा फुलवला होता. ऑकलंड शहराने कित्येक वर्षं तिथला कोबी आणि गाजरं खाल्ली. १९२१ मध्ये त्या जागी मैदान सुरू झालं. कंदील डोमेनमध्ये आले तेव्हा ते एका अर्थी त्या मळ्यांच्या बांधावर आले होते. त्या चार वर्षांत निदान एक पाटी या इतिहासाची लागली असती तर मला फार समाधान वाटलं असतं. मी शोधली. मला दिसली नाही.

डोमेनमध्ये पहिल्या वर्षी गेलो तेव्हा सुटसुटीत वाटलं. मुलीचा हात सोडून चालता आलं. पण कंदील लहान वाटायला लागले. कंदील तेच, ८०० हून अधिक हस्तनिर्मित कंदिलांच्या संग्रहातले. अल्बर्ट पार्कात वाट वळली की समोर काहीतरी उजळलेलं उभं राहायचं, कारण पुढचं वळण झाडांनी झाकलेलं असायचं. डोमेनच्या मोकळ्या हिरवळीवर सगळं एका नजरेत येत होतं, आणि वर आकाश इतकं मोठं की खाली काय ठेवलंय ते दबून जात होतं. मोकळी जागा भरायची तर कंदील आणखी मोठे हवेत, जास्त हवेत, रंगमंच मोठे हवेत, आवाज मोठा हवा. आणि ते सगळं आलं की त्याच्या मागोमाग आणखी गर्दी. गर्दीसाठी जागा वाढवली की तो उत्सव जागेच्या मापाचा होऊ पाहतो. हे चक्र मला तिथे प्रत्यक्ष दिसलं.

आईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "मासा होता का?" होता. हिरवळीच्या मधोमध, इतर पाच-सहा माशांबरोबर.

चार कोरी वर्षं

यावर फार रेंगाळत नाही. २०१९ चा महोत्सव १४ ते १७ फेब्रुवारीला डोमेनमध्ये झाला. २०२० चा १३ ते १६ फेब्रुवारीला ठरला होता. ३ फेब्रुवारीपासून चीनमधून येणाऱ्या परदेशी प्रवाशांना देशाचे दरवाजे बंद झाले आणि त्याच सुमारास महोत्सव रद्द झाला. देशातला कोविडचा पहिला रुग्ण सापडला २८ फेब्रुवारीला, म्हणजे एकही रुग्ण नसताना हे झालं. ऑकलंडमधली चिनी उपाहारगृहं तेव्हा रिकामी पडली होती, लोक टाळत होते. अशा वेळी त्या समाजाला बागेतला आपला सण सगळ्यात जास्त हवा असणार, आणि नेमका तोच गेला. आरोग्याच्या दृष्टीने निर्णय योग्य, पण आमच्या चिनी शेजाऱ्यांच्या घरातला तो फेब्रुवारी मला आठवतो. त्यांनी खिडकीत दोन लाल कंदील लावले होते.

२०२१ साठी बंदराच्या धक्क्यांवर महोत्सव करायचं ठरलं. १४ फेब्रुवारीच्या रात्री ऑकलंड पुन्हा टाळेबंदीत गेलं आणि तो रद्द झाला. कामगार तार वाकवायला आणि कापड ताणायला जे कसब ओततात ते वाऱ्यापुढे किती टिकतं हे ज्याला माहीत आहे त्याला धक्क्याची निवड काळजीचीच वाटली असती. मोठा कंदील म्हणजे शीड असतं. अल्बर्ट पार्कात झाडं वारा अडवायची. धक्क्यावर ना झाड, ना माती, ना खांब रोवायला जमीन. २०२२ मध्ये ओमिक्रॉन आला. २०२३ मध्ये तो पाऊस.

२०२२ पासून ठरलेली जागा होती माणुकाव स्पोर्ट्स बोल, शहराच्या मध्यापासून सुमारे २० किलोमीटर दक्षिणेला. तिथे महोत्सव प्रत्यक्ष भरला २०२४ मध्ये, २२ ते २५ फेब्रुवारी. २०२५ मध्येही तिथेच.

माणुकाव

माणुकावच्या बाजूने जे बोलण्यासारखं आहे ते मनापासून बोलतो. ऑकलंडचे बरेच चिनी लोक आता मध्यवस्तीबाहेर राहतात. पूर्वेला हॉविक, बॉटनी, फ्लॅट बुश या भागांत त्यांची मोठी वस्ती आहे, आणि माणुकावहून एक सरळ रस्ता बॉटनीला जातो. आजूबाजूला पॅसिफिक बेटांवरची, माओरी आणि भारतीय कुटुंबं आहेत. ती मध्यवस्तीतल्या बागेत मुलाबाळांना घेऊन रात्री साडेदहापर्यंत थांबली नसती. पार्किंग आहे, सपाट जमीन आहे, चाकाच्या खुर्चीला अडथळा नाही. माझ्या ओळखीच्या एका गुडघेदुखीवाल्या काकूंनी २०२४ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा हा महोत्सव पूर्ण फिरून पाहिला. हे लहान काम नाही.

पण बाग गेली. तिथे कंदील गवताच्या पटांगणावर रांगेत उभे असतात, दिव्यांचे उंच खांब दूरवर दिसत राहतात, आणि कंदिलाला ज्या काळोखाची गरज असते तो तिथे पुरता होतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जागा निवडताना तीन गोष्टींचा विचार झाला: किती माणसं, किती गाड्या, किती खर्च. कंदिलाला काय लागतं हा चौथा प्रश्न यादीत आला नाही. त्याला काळोख लागतो, आडोसा लागतो, वाटेला वळण लागतं, आणि जवळून बघता येईल इतकं अंतर लागतं.

हे अशक्य नाही, याचा दाखला अमेरिकेत आहे. फिलाडेल्फिया शहरातला फ्रँकलिन स्क्वेअर हा चौक शहराच्या मूळ आखणीतल्या पाच चौकांपैकी एक. क्षेत्र साडेसात एकर, म्हणजे ३ हेक्टर. अल्बर्ट पार्कच्या निम्मा! तिथे २०१६ पासून, म्हणजे नेमक्या त्याच वर्षापासून ज्या वर्षी ऑकलंडने 'जागा पुरत नाही' म्हणून बाग सोडली, चिनी कंदील महोत्सव भरतो. कंदील कित्येक आठवडे उभे असतात. दिवसा चौक सर्वांना मोकळा, संध्याकाळी तिकीट. सेंट लुइसच्या मिसूरी वनस्पती उद्यानाने २०१२ मध्ये असाच संपूर्ण उन्हाळा कंदील ठेवले होते. ते उद्यान मोठं आहे आणि एरवीही तिकिटाचं, म्हणून ते उदाहरण इथे पूर्ण लागू पडत नाही.

फिलाडेल्फियाने जागा वाढवली नाही, रात्री वाढवल्या. तिकीट तिथल्या हिशेबाचा भाग आहे आणि ते मला ऑकलंडसाठी नको आहे. का नको ते वर सांगितलं. पण रात्री वाढवण्याला तिकिटाची अट नाही. वरचाच अंदाज पुन्हा लावून बघा. तेच २,००,००० लोक १४ रात्रींत वाटले तर रात्रीला साधारण १४,०००, एका वेळी ७,०००, आणि दर चौरस मीटरला अर्धा माणूस. अल्बर्ट पार्क तेवढं सहज पेलतं.

यावर खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. १४ रात्री रस्ते बंद ठेवायचे, सुरक्षारक्षक, कलाकार, स्टॉल, हे परवडणार नाही. पण त्याच्यामागचं गृहीतक तपासावं असं मला वाटतं. मोठा रंगमंच, फटाके, शंभर स्टॉल हे चार रात्रींच्या जत्रेचं सामान आहे. ते माणुकावला खुशाल राहू द्यावं, तिथे ते शोभतं आणि तिथल्या लोकांचा त्यावर हक्कही आहे. अल्बर्ट पार्कात पौर्णिमेच्या आधीचे चौदा दिवस नुसते कंदील लावावेत. ना रंगमंच, ना रस्ते बंद. संग्रहातल्या कंदिलांपैकी शंभरेक, वाटेच्या वळणांवर. कोडी लिहिलेल्या चिठ्ठ्या, चिनी, इंग्रजी आणि माओरीत. विद्यापीठाचं पहिलं सत्र फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला उघडतं, म्हणजे बहुतेक वर्षी त्या पंधरवड्यात वरची इमारत शांत असते. वाट एकाच दिशेने ठेवायची: खालून कलादालनापासून वर, आणि विद्यापीठाच्या बाजूने बाहेर. म्हणजे प्रत्येक जण चढताना बघेल.

हे मी महापालिकेच्या एका जनसुनावणीसाठी दोन पानांत लिहून दिलं होतं. पोच आली. पुढे काही कळलं नाही. पुन्हा देणार आहे.

२४ फेब्रुवारी २०२४

२००० हे चिनी पंचांगात ड्रॅगनचं वर्ष होतं. बारा वर्षांचं चक्र दोनदा फिरून २०२४ ला पुन्हा ड्रॅगन आला, आणि महोत्सव त्याच वर्षी परत उभा राहिला. शनिवारची रात्र, २४ तारीख, युआनश्यावची नेमकी पौर्णिमा. आपल्याकडे त्या दिवशी माघी पौर्णिमा. आम्ही तिघं गेलो. मुलगी आता पंधरा वर्षांची, ती मैत्रिणींबरोबर पुढे निघून गेली. ड्रॅगन प्रचंड होता, लोक त्याच्यासमोर फोटो काढत होते, लहान मुलं ओरडत होती. पाच वर्षांनी ही माणसं एकत्र आली होती, आणि एक म्हातारे चिनी गृहस्थ ड्रॅगनपुढे नुसते हात मागे बांधून उभे होते. त्यांच्याकडे बघून मला भरून आलं.

चंद्र मैदानावर वर आला. पुण्यात तेव्हा दुपार होती. आईला व्हिडिओ कॉल लावून फोन हळूहळू सगळीकडे फिरवला. तिने ड्रॅगन पाहिला, कमळं पाहिली, लाल कंदिलांची कमान पाहिली. "सुंदर आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "मासा कुठे आहे?"

मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. फोन हातात, आई त्यात. मासे होते, नवे, प्लास्टिकसारख्या चकचकीत कापडाचे. तो नव्हता.

"ठेवला असेल रे कुठेतरी गोदामात," आई म्हणाली. "तार टिकते. कापड बदलावं लागतं फक्त."